पुण्याहून परदेशी निघताना औषधं अशी भरा

मुलांकडे अमेरिकेला निघालेल्या आई-वडिलांच्या बॅगेत भाजणी, मेतकूट आठवणीनं जातं. औषधांचा विचार मात्र शेवटच्या आठवड्यात सुरू होतो. तो निदान महिनाभर आधी व्हायला हवा.

आधी डॉक्टरांकडून इंग्रजीत टाइप केलेली चिठ्ठी घ्या. नाव पासपोर्टवर आहे तसंच हवं. प्रत्येक गोळीचं फक्त कंपनीनं दिलेलं नाव चालत नाही, मूळ औषधाचं नाव, मिलिग्रॅम आणि दिवसातून किती वेळा हे लिहून घ्या. नाहीतर सकाळी घरून नेलेली क्रोसिन आणि दुपारी मुलानं दिलेली टायलेनॉल, असं सहज घडतं. दोन्हींत औषध एकच. पॅरासिटामॉललाच अमेरिकेत असिटामिनोफेन म्हणतात. डोस दुप्पट होतो आणि भार यकृतावर पडतो.

गोळ्या कापून डबीत भरू नका. नाव आणि मुदत दिसेल अशी अख्खी पाकिटं न्या. अमेरिकेत साधारण 90 दिवसांपुरतीच औषधं सोबत नेता येतात. मुक्काम सहा महिन्यांचा असेल तर पुढची सोय निघण्याआधीच ठरवा.

सगळी औषधं हातातल्या बॅगेत. इन्सुलिनच्या बाबतीत तर यात तडजोड नकोच: सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकतं, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी वापरायचं नसतं. थंड पिशवीत ठेवतानाही बर्फाच्या पाकिटाला चिकटवू नका, मध्ये रुमाल घाला. पश्चिमेकडे जाताना दिवस लांबतो, परतताना आखडतो. त्या दिवशीचा डोस किती आणि कधी, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या.

दुबईला जाणाऱ्यांनी विशेष जपावं. तिथे खसखस आणायलाच बंदी आहे, म्हणून खसखशीचं सारण असलेली बाकरवडी आणि खसखस लावलेले अनारसे नेऊ नका. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध किंवा ट्रामाडॉल हे वेदनाशामक लागत असेल तर तिथल्या सरकारची ऑनलाइन परवानगी आधी काढावी लागते.

आणि पाय. मुंबईहून विमान असेल तर बसणं विमानात नाही, घरासमोरच्या गाडीतच सुरू होतं: एक्सप्रेसवेचे चार तास, पुढे लांबचा प्रवास. तासन्‌तास हालचाल नसली की पोटरीतल्या शिरेत रक्ताची गाठ होऊ शकते. फूड मॉलला उतरून चाला, विमानात दर दीड-दोन तासांनी उठा, बसल्या जागी टाचा वर-खाली करा. पूर्वी गाठ झालेली असेल किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, तर तिकीट काढण्याआधीच डॉक्टरांना विचारा.