चेहऱ्यावरचे तपकिरी डाग: या चुका टाळा, मी जवळपास सगळ्या करून बसलेय

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या साफसफाईत आरसा पुसताना बघितलं, तर दोन्ही गालांवर चहा सांडून वाळल्यासारखे पट्टे. सासूबाई एका नजरेत म्हणाल्या, "वांग आलेत गं तुला." निदान तिथेच झालं होतं, पण सासूबाईंचं ऐकायचं कोणी? पुढचे आठ महिने मी जे जे चेहऱ्याला फासलं त्याने वांग गेले तर नाहीतच, उलट ओठांच्या वर मिशीसारखी एक सावली आली ती वेगळीच.

पहिली चूक लिंबाची. लिंबू-मध लावून मी स्कूटीवर कळव्याहून ठाणे स्टेशनला जायचे, सकाळी साडेनऊच्या उन्हात. लिंबाचा रस अंगावर असताना ऊन लागलं की त्वचा भाजल्यासारखी होते आणि मागे तपकिरी डाग राहतो, हे मला डॉक्टरांकडून खूप उशिरा कळलं. म्हणजे डाग घालवायला मी डाग पाडायचंच औषध लावत होते! टूथपेस्ट आणि खायच्या सोड्याचंही तेच, आग होऊन त्वचा लाल झाली की आपल्यासारख्या गव्हाळ-सावळ्या रंगात ती लाली उतरताना काळपटपणा मागे ठेवूनच जाते. पिंपल फोडल्यावर राहतो तो डाग पण त्याच जातीचा.

दुसरी चूक सगळ्यात महाग पडली. स्टेशनजवळच्या एका मेडिकलवाल्याने चिठ्ठीबिठ्ठी न विचारता एक ट्यूब हातात दिली, "मॅडम, सगळे हीच नेतात." दहा दिवसांत चेहरा असा उजळला की ऑफिसात मैत्रिणींनी नाव विचारलं आणि मी मूर्खासारखं सांगितलंही. तीन महिन्यांनी ट्यूब संपली, चार दिवस लावली नाही तर गाल लालबुंद, गरम पाणी लागलं तरी चरचर, हनुवटीवर बारीक लव आणि वांग पहिल्यापेक्षा गडद. ट्यूबवर बारीक अक्षरात होतं: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन, मोमेटासोन. यातलं मोमेटासोन म्हणजे स्टिरॉइड. हे कॉम्बिनेशन वाईट नाही, डॉक्टर स्वतः देतात, पण मोजून काही आठवडे आणि लक्ष ठेवून, फेअरनेस क्रीमसारखं वर्षभर चोपडायला नाही. बेटामेथासोन, क्लोबेटासॉल ही नावं दिसली तरी ते स्टिरॉइडच समजा. 2018 मध्ये सरकारने अशी बरीच स्टिरॉइड क्रीम्स चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून यादीत टाकली, दुकानात काय चालतं ते आपण बघतोच. आणि कोणी महिन्या दोन महिन्यांपासून लावत असेल तर हे वाचून आज एकदम फेकून देऊ नका, आधी डॉक्टरला दाखवा, ते हळूहळू सोडवतात.

बिनलेबलच्या गोऱ्या करणाऱ्या डब्या तर अजून भयंकर, त्यात पारा निघतो. केरळात कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी 2021 ते 2023 मध्ये किडनीच्या एकाच प्रकारच्या आजाराचे 22 पेशंट नोंदवले, त्यातल्या 15 जणांत एक ठरावीक मार्कर, म्हणजे आजाराची खूण, सापडला आणि त्या 15 पैकी 13 जण गोरेपणाची क्रीम वापरत होते. डाग चेहऱ्यावर आणि मार किडनीला.

आता सनस्क्रीन. "मी लावते की रोज" असं मीही म्हणायचे, मटारच्या दाण्याएवढं. चेहरा आणि मान मिळून दोन बोटं भरून लागतं, पहिलं आणि मधलं. दुसरं म्हणजे सकाळी एकदा लावलं की झालं, हा भ्रम. ठाण्याच्या नऊ-दहा नंबर प्लॅटफॉर्मवर ट्रान्स-हार्बर लोकलची वाट बघतानाच अर्धं घामाने उतरतं, वर आपण रुमालाने पुसतो. तिसरं, काचेचं. ऐरोलीला ऑफिसात माझं टेबल खिडकीला लागून, मला वाटायचं एसीत कसलं आलंय ऊन. काच उन्हातले यूव्हीबी किरण बरेचसे अडवते पण यूव्हीए किरण आत येऊ देते, आणि वांगाला तर नुसता दिसणारा उजेडसुद्धा पुरतो. म्हणून आयर्न ऑक्साइडवालं टिंटेड सनस्क्रीन घ्यायचं, फाउंडेशनसारखा रंग असलेलं, कारण साधं पारदर्शक सनस्क्रीन तो उजेड नीट अडवत नाही. मी जागा बदलून मागितली, साहेब हसले, पण दिली. पावसाळ्यात सुट्टी नाही, ढगांतून पण यूव्ही येतंच.

घासणं हा आपला घरगुती छंद. माझ्या भाच्याची मान काळी पडली तर त्याची आई रोज घासणीने खरवडायची, "आंघोळ करतोस की नाही रे नीट?" बिचारा नववीतला पोरगा. जाड, मखमली, काळपट मान म्हणजे बहुतेकदा मळ नसतोच, वजन आणि इन्सुलिनचा मामला असू शकतो, शुगर तपासून घ्यावी. खांद्याच्या, पाठीच्या हाडांवर नायलॉनच्या घासणीने काळे पट्टे पडतात तेही असेच, घासणी टाकली की हळूहळू उतरतात.

म्हणजे सगळे तपकिरी डाग वांग नव्हेत. पाठ-छातीवर खवलेदार छोटे ठिपके असले तर शिबं असू शकतात, ती बुरशी, तिला वेगळं औषध. गालांवर चामखिळीसारखे बारीक काळे दाणे क्रीमने जातच नाहीत. गरोदरपणात किंवा गर्भनिरोधक गोळ्यांवर वांग वाढतात, मग गोळी मनाने बंद न करता डॉक्टरशी बोलायचं. आणि वांगासाठी देतात त्या ट्रानेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्या मैत्रिणीच्या चिठ्ठीवर अजिबात नाही, रक्ताच्या गुठळ्यांचा धोका असतो. ऑफर बघून लेझरला धावणं पण नको, वांगावर चुकीचं लेझर बसलं की डाग अजून काळा होतो.

एखादा तीळ आकार बदलतोय, कडा वेड्यावाकड्या, रंग दोन-तीन, किंवा त्यातून रक्त येतंय, तर लगेच दाखवा. तळपाय आणि नखाखाली पण बघा, तिकडे आपलं लक्ष जात नाही.

बाकी फरक दिसायला दोन-तीन महिने लागतातच, माझे आता निम्मे फिके झालेत आणि मार्च-एप्रिलात परत डोकं वर काढतात. डॉक्टरकडे जाताना घरातल्या सगळ्या ट्यूबा पिशवीत घालून न्या, पार्लरवालीने दिलेली डबीसुद्धा. माझ्या पिशवीत सात निघाल्या, तीन स्टिरॉइडवाल्या, आणि एक तर नवऱ्याच्या गजकर्णाची होती.