ऊसतोड महिलांचा आरोग्य प्रकल्प हाती घेताय? या चुका टाळा

एमएसडब्ल्यू (समाजकार्याची पदव्युत्तर पदवी) करून एखाद्या देणगीदार संस्थेत रुजू झालात आणि बीड जिल्ह्यातला आरोग्य प्रकल्प तुमच्याकडे आला, तर सगळ्यात आधी कॅलेंडर बघा. सीएसआरचं, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीचं वर्ष 31 मार्चला संपतं, म्हणून जानेवारीपासून शिबिरांची घाई उडते. नेमक्या तेव्हाच बायका गावात नसतात. दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजुरांच्या टोळ्या कोल्हापूर, सांगली, कर्नाटकाकडे जातात, त्या गाळप संपल्यावरच परततात. माझ्या पहिल्या शिबिराला म्हातारी माणसं आणि त्यांच्याकडे ठेवलेली नातवंडंच आली. अहवालातला आकडा भरला, पण ज्यांच्यासाठी पैसे आले होते त्या उसाच्या फडात होत्या.

यावर उपाय आहे. प्रस्ताव एका वर्षाचा न लिहिता 'चालू प्रकल्प' म्हणून मंजूर करून घ्या. कंपनी कायद्याच्या कलम 135 प्रमाणे अशा प्रकल्पाची उरलेली रक्कम वेगळ्या खात्यात ठेवून पुढच्या तीन वर्षांत खर्च करता येते. मग तपासणी सप्टेंबरमध्ये गावात करा, पाठपुरावा कारखान्याजवळ मजूर राहतात त्या तळावर.

तळावर दिवसा जाऊ नका. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात, आणि उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, दोघांच्या श्रमावर घेतलेली असते. कामाचा एक दिवस बुडाला की खाडा, म्हणजे गैरहजेरीचे पैसे, कापला जातो. दवाखाना फुकट असला तरी खाडा फुकट नसतो. संध्याकाळी कोपीसमोर (मजुरांच्या तात्पुरत्या झोपडीसमोर) चुलीपाशी बसा. भाकरी थापता थापताच ती हळूच सांगते, "अंगावरून पांढरं जातंय." तेव्हा वही काढू नका.

सगळ्यात घातक चूक म्हणजे 'पिशवीला (गर्भाशयाला) सूज आहे' एवढं सांगून शिबिर गुंडाळणं. घाबरलेली बाई खाजगी दवाखाना गाठते, पुन्हा उचल घेते आणि पिशवी काढून येते. बीडमध्ये 2019 च्या सर्वेक्षणात सुमारे 82 हजार ऊसतोड महिलांपैकी 13 हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली आढळली. म्हणून निदानाबरोबरच जिल्हा रुग्णालयातल्या स्त्रीरोगतज्ज्ञांची वेळ, गाडीभाडं, बुडालेल्या दिवसाचे पैसे आणि सोबतीला एक कार्यकर्ती, हे सगळं बजेटमध्येच धरा. तळावर न्हाणीघर, संडास आणि पाणी नसेल तर तोच जंतुसंसर्ग पुन्हा होणार. तो खर्चही आरोग्याचाच समजा. देणगीदाराशी यावरून वाद झाला तरी मी मागे हटत नाही.

फोन बहुतेकदा नवऱ्याकडे असतो. मेसेजवर विसंबू नका, पुढच्या भेटीची वेळ लिहिलेलं मराठी कार्ड तिच्याच हातात द्या. आणि ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून द्या, थंडीत कोपीत दव गळतं.