जादा खडकाचं काम अडलं होतं, ते असं सोडवलं

पाणीपुरवठ्याच्या मुख्य वाहिनीचं काम. निविदेत मुरूम भरपूर आणि कठीण खडक थोडा धरलेला. खोदाईत निघालं नेमकं उलटं. ठेकेदार अडून बसला, "साहेब, दराचं ठरल्याशिवाय ब्रेकर लावणार नाही."

बी-१ करारातलं (सरकारी बांधकामांचा ठरावीक नमुन्याचा करार) कलम ३८ यासाठीच आहे. निविदेतल्या परिमाणाच्या (म्हणजे धरलेल्या कामाच्या मापाच्या) १२५ टक्क्यांपर्यंत निविदेचाच दर, त्यापुढच्या परिमाणाचा दर वेगळा ठरतो. वाद दरापेक्षा मोजमापाचा असतो. एकदा पाइप टाकून चर बुजवला की खडक कुठून लागला हे कोण सांगणार?

म्हणून चर उघडा असतानाच मोजायला लागलो. प्रत्येक चेनेजला (वाहिनीवरच्या अंतराच्या खुणेला) मुरूम संपून खडक लागतो तिथे चुन्याची रेघ, शेजारी मोजपट्टी (स्टाफ) उभी धरून फोटो, आणि त्याच दिवशी मोजमाप पुस्तकात नोंद. खाली ठेकेदाराच्या माणसाची सही. सही झाल्याशिवाय पाइप उतरवायचा नाही, यावर मी ठाम राहिलो.

शिवाय परिमाण १०० टक्क्यांच्या जवळ येताच उपअभियंत्यांकडे जादा परिमाणाचा प्रस्ताव पाठवला. नोंदी जोडलेल्या असल्याने लेखा शाखेने शेरा मारला नाही. मंजुरी आधी आली, बिल नंतर.