लॅपटॉप हँग होते? स्वॅप लावून पाहा राजेहो

आमच्या गावातल्या सातबाऱ्याचे प्रिंट काढायच्या सेंटरवर ४ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप आहे, ब्राउझरचे आठ-दहा टॅब उघडले की बसलाच म्हणून समजा. होते काय, कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, रॅम ४ केबीच्या तुकड्यांत, म्हणजे पेजमध्ये वाटते आन रॅम भरली की ज्या पेजले बऱ्याच वेळात कोणी हात लावला नाही ते डिस्कवरच्या राखीव जागेत, म्हणजे स्वॅपमध्ये, नेऊन ठेवते, घरात कापूस मावेना की तुरीची पोती कोठ्यात सरकवतो ना, तसंच. पोतं पुन्हा लागलं की पेज फॉल्ट, म्हणजे हवं ते पेज रॅममध्ये सापडत नाही, मंग डिस्कवरून परत आणा.

उबंटूत (ही लिनक्सचीच एक आवृत्ती) आधी 'फ्री' कमांड मारून स्वॅपची ओळ पाहा. शून्य दिसलं तर सुडो (अ‍ॅडमिनचा अधिकार) लावून फॅलोकेट कमांडनं ४ जीबीची फाईल बनवा, सीएचमॉड ६०० (फाईलची परवानगी फक्त मालकाले) नक्की करा बरं, नाहीतर दुसरा युजर त्यातला डेटा वाचू शकते, मंग मेकस्वॅपनं ती फाईल स्वॅपसाठी तयार करा आन स्वॅपऑननं चालू करा. रीबूटनंतरही राहावं म्हणून एफएसटॅबमध्ये, म्हणजे सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या डिस्कच्या यादीच्या फाईलमध्ये, ओळ टाका.

व्हीएमस्टॅट कमांडमध्ये एसआय-एसओचे (स्वॅपमधून आत येणारं आन स्वॅपमध्ये बाहेर जाणारं) आकडे सारखे पळत असले तर मात्र स्वॅप वाढवून काही होत नाही, डिस्क रॅमपेक्षा लय हळू असते, तिथं रॅमच टाका.