सायलेन्सरचा बोल्ट आत तुटला तर काय करायचं

भाऊ, भुसावळ-जळगाव साइडला जुन्या जीप अजून शेतात पळतात आणि मॅनिफोल्डचे (इंजिनचा धूर सायलेन्सरकडे नेणारा भाग) नट खोलायला गेलं की एखादा स्टड (इंजिनात बसवलेला बिनडोक्याचा बोल्ट) तुटतोच, कारण तापून-थंडावून गंज आटे धरून ठेवतो. म्हणून खोलायच्या आदल्या रात्रीच गंज सोडवायचं तेल मारून ठेवा, सकाळी परत मारा. आणि नट फिरेना तर जोर करू नका, अर्धा आटा पुढे, अर्धा मागे असं करत या.

तरी तुटलाच अन् थोडा बाहेर असेल तर ग्रिप प्लायरने निघतो. पण सपाट तुटला असेल तर माझ्या मते वेल्डिंगच बेस्ट. तुटलेल्या टोकावर नट ठेवून नटाच्या भोकातून वेल्ड मारायचा, लाली गेली की हळू पान्याने हलवायचं, उष्णतेनेच निम्मं काम होतं, पहिल्यांदा वेल्ड तुटला तर परत मारा, दोन-तीनदा लागतोच. त्याआधी बॅटरीची वायर काढा, पेट्रोलचा पाइप जवळ असेल तर तो पण बघा, ह्यात आळस नको.

ड्रिल शेवटी. सेंटर पंच बरोब्बर मधोमध मारा, बारीक बिटने सुरू करा, चष्मा घाला. मग त्या भोकात ईझी-आउट (उलट्या आट्याचं, तुटका बोल्ट काढायचं हत्यार) घालून स्टड काढा, पण तो आत तुटला तर मोठी पंचाईत, तो इतका कडक असतो की साधा ड्रिल लागत नाही. भोकाचे आटे गेलेच तर हेलिकॉइल (तारेच्या गुंडाळीचे नवे आटे) बसवून घ्या.

नवीन स्टडला कॉपर ग्रीस लावा, नट पितळी घ्या.