पार्लर-सलूनच्या लाईनमध्ये यायचंय? फी भरायच्या आधी हे वाचा

बारावी झाली, ब्यूटिशियनचा कोर्स करू का, हेअर घेऊ का मेकअप, सुरुवातीला किती मिळतात, असं विचारणारे मेसेज सारखे येतात म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. मी नाशिकला असते, आधी दुसऱ्यांच्या सलूनमध्ये राबले, आता स्वतःचं छोटं पार्लर आहे. मोठ्या शहरातल्या ब्रँडेड सलूनचं गणित थोडं वेगळं असेल, बाकी घाम तोच.

कोर्सचं म्हणाल तर आयटीआयमध्ये कॉस्मेटॉलॉजीचा एक वर्षाचा ट्रेड आहे आणि सरकारी आयटीआयची फी खाजगी अकॅडमीच्या मानाने काहीच नाही, पण मुली तिकडे बघतच नाहीत कारण तिथे रील काढायला रिंगलाईट नसतो. बाहेरच्या देशात किंवा क्रूझवर जायचं डोक्यात असेल तर सिडेस्को या आंतरराष्ट्रीय ब्यूटी संस्थेचा डिप्लोमा उपयोगी पडतो, तो बऱ्याच देशांत चालतो. गावातच पार्लर टाकायचं असेल तर या डिप्लोमासाठी कर्ज काढू नका. कुठलाही कोर्स केला तरी पहिले काही महिने तुम्ही केस धुणार, टॉवेल घड्या घालणार, खालचे केस झाडणार, कात्री कुणी हातात देत नाही. म्हणून पहिली नोकरी धरताना पगारापेक्षा हे विचारा की सिनियर शेजारी उभं राहून बघू देणार का, आणि मॉडेलवर हात कधी चालवू देणार. जिथे दोन वर्षं झाली तरी मुलगी शॅम्पूच्या बेसिनपाशीच आहे तिथून निघा.

पगार बहुतेक ठिकाणी कमी आणि वर इन्सेन्टिव्ह अशी पद्धत. पण तो इन्सेन्टिव्ह पगाराच्या तिप्पट-चौपट धंदा केल्यावर सुरू होतो आणि काही ठिकाणी त्यात शॅम्पू-सिरम विकायचं टार्गेटही घुसवलेलं असतं, हे जॉइन व्हायच्या आधी तोंडी नाही, लिहून घ्या. ओरिजिनल मार्कशीट जमा करा म्हणणाऱ्याला झेरॉक्स द्या, आणि नाही म्हणाला तर नमस्कार करून बाहेर पडा.

आता जे कोर्समध्ये घाईघाईत उरकतात ते. कलर म्हणजे केमिस्ट्री आहे हो. कलरमध्ये मिसळतात तो डेव्हलपर, १० व्हॉल्यूम म्हणजे ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, २० म्हणजे ६, ३० म्हणजे ९, ४० म्हणजे १२. पांढरे केस झाकायला सहसा २० पुरतो, ४० टाळूला लावायचा विचारसुद्धा करू नका. बहुतेक पर्मनंट कलरमध्ये पीपीडी नावाचं रंगाचं केमिकल किंवा त्याच जातीचं काहीतरी असतं, बाजारातल्या रेडीमेड काळ्या मेंदीतही असतं, आणि त्याची अॅलर्जी झाली तर तोंड सुजून डोळे मिटेपर्यंत वेळ येते, म्हणून कानामागे पॅच टेस्ट करून ४८ तास थांबायचं. क्लायंट म्हणते "अगं मी वर्षानुवर्षं लावतेय, कर तू", तरी थांबायचं, कारण ही अॅलर्जी वर्षानुवर्षं लावूनच मध्येच उगवते. आणि काकूंनी "मी काहीच लावलेलं नाही" म्हटलं तरी विश्वास ठेवू नका. काही भेसळीच्या मेंदीत धातूचे क्षार असतात, त्यावर ब्लीच पडलं की केस गरम होतात, तुटतात, आणि नाव तुमचं जातं. आधी मागच्या दोन-चार केसांवर करून बघायचं. केराटिन करताना डोळ्यांतून पाणी येतं ना, तो बऱ्याच प्रॉडक्टमधून निघणारा फॉर्मल्डिहाइड, घातक वायू आहे. एसीसाठी खिडक्या बंद करून हे काम करणाऱ्या मालकीणबाई स्वतः काउंटरवर बसलेल्या असतात, हेही बघून घ्या.

शरीर पहिल्या वर्षातच बोलायला लागतं. थ्रेडिंगचा दोरा दातात धरून मान वाकवून दिवसभर आयब्रो केल्या की मान धरते, कात्री आणि ड्रायरने अंगठ्याची शीर दुखते, सारखे ओले हात राहून बोटांमध्ये भेगा पडतात. ग्लोव्हज घाला, चपला चांगल्या घ्या, त्यात काटकसर नको.

घरच्यांचं वेगळंच. मुलीने पार्लर काढलं तर "घरबसल्या चार पैसे", आणि मुलगा हेअर शिकतो म्हटला की "आता हजामती करणार का". ज्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या हा धंदा आहे त्यांच्या पोरांचा हात वस्तऱ्यावर जो बसलेला असतो तो कुठल्या अकॅडमीत मिळत नाही, जमलं तर अशा एखाद्या दादाकडे उभं राहून फेड कट (बाजूचे केस खाली बारीक, वर हळूहळू लांब) शिका. आणि बायकांनी काय करायचं हे ठरवणारे सगळीकडे असतात बरं का, मुंबईच्या सिनेमावाल्या संघटनेत बाईला हेअर ड्रेसरचं कार्ड मिळायचं पण मेकअप आर्टिस्टचं नाही, ते नोव्हेंबर २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने मोडून काढलं.

पैसा पंचांगावर चालतो. तुळशीचं लग्न लागलं की ब्राइडलच्या ऑर्डरी सुरू, पहाटे चारला नवरीच्या घरी हजर, नऊवारी, खोपा, नथ सगळं करून मुहूर्ताला उरकायचं. दिवाळीच्या आधी जेवायला वेळ नसतो, पितृपक्षात माश्या मारायच्या. त्यामुळे सीझनचा पैसा आला की लगेच लाईट मोठे बसवू नका, पुढच्या मंदीचं भाडं बाजूला काढा. ब्राइडलला निम्मा अॅडव्हान्स घेतल्याशिवाय तारीख अडवायची नाही, मग ती मामेबहिणीची नणंद का असेना.

अॅपवरून घरोघरी जाऊन काम करणाऱ्या मैत्रिणी आहेत माझ्या. वेळ आपल्या हातात असं वाटतं, पण कमिशन, त्यांचंच प्रॉडक्ट, रेटिंग, आणि कॅन्सल केलं की दंड. ऑक्टोबर २०२१ मध्ये गुरुग्रामला अशाच ब्यूटिशियन बायका याच गोष्टींवरून कंपनीच्या दारात बसल्या होत्या. करायचं तर स्कूटरचं पेट्रोल आणि जाण्यायेण्याचा वेळ धरून तासाला काय सुटतं ते मांडून बघा. आणि पहिल्या खेपेला अनोळखी घरी जाताना लोकेशन घरी कुणाला तरी पाठवून ठेवायचं, क्लायंट बाई असली तरी.