जीआरईच्या तुलनेच्या प्रश्नांत क्ष ऋण असेल तर या चुका टाळा

संभाव्यतेच्या गणितात मुलं अडली तर मी समजू शकतो. पण दोन अपूर्णांक दिलेत, छेदात क्ष आहे, क्ष ऋण आहे असं वर स्वच्छ लिहिलंय आणि मोठा कोणता एवढंच विचारलंय, तर इंजिनीअरिंग झालेली मुलं दर बॅचला त्याच खड्ड्यात पडतात. अवघड काहीच नसतं. घाई असते.

जीआरई म्हणजे परदेशातल्या पदव्युत्तर प्रवेशासाठी द्यायची परीक्षा. तिच्यातल्या तुलनेच्या प्रश्नाचं रूप ठरलेलं आहे. डावीकडे क्वांटिटी ए, उजवीकडे क्वांटिटी बी, वर एखादी अट. पर्याय नेहमी तेच चार: ए मोठी, बी मोठी, दोन्ही समान, किंवा दिलेल्या माहितीवरून ठरवता येत नाही. हा चौथा पर्याय म्हणजे मुलांच्या भाषेत ‘डी’. सप्टेंबर २०२३ पासून परीक्षा आटोपशीर झाली. गणिताच्या पहिल्या भागात २१ मिनिटांत १२ प्रश्न, दुसऱ्या भागात २६ मिनिटांत १५. पहिला भाग कसा गेला त्यावर दुसऱ्याची काठिण्यपातळी ठरते, त्यामुळे पहिल्या बारांत चिन्हापायी दोन प्रश्न गमावणं महागात पडतं.

तिरकस गुणाकार

सगळ्यात जास्त नुकसान याने होतं. शाळेत समीकरण सोडवताना दोन्हीकडे अपूर्णांक दिसले की तिरकस गुणाकार करायचा, हे हाताला इतकं बसलेलं असतं की डोकं मध्ये येतच नाही. समीकरणात ते चालतं, कारण दोन्ही बाजू समान असतात. त्यांना −५ ने गुणा नाहीतर ५ ने, समानता मोडत नाही. तुलनेत मात्र तुम्ही दोन्ही बाजूंना छेदांच्या गुणाकाराने गुणत असता. तो गुणाकार ऋण निघाला की लहान-मोठेपणा उलटतो.

साधं उदाहरण घ्या. अट: क्ष < ० < य. ए आहे १/क्ष, बी आहे १/य. तिरकस गुणाकार केला की डावीकडे य आणि उजवीकडे क्ष येतो. य मोठा, म्हणून ए मोठी असं उत्तर लिहून मुलं मोकळी होतात. पण १/क्ष ऋण आहे, १/य धन आहे. ऋण संख्या धन संख्येपेक्षा मोठी कशी होईल? एवढं विचारायला दोन सेकंद लागतात, तेवढेही कुणी देत नाही.

एका मुलीची वही मला कायम आठवते. मेकॅनिकलची, नोकरी सांभाळून सकाळी सातला यायची. प्रश्न होता: क्ष < ०, ए: (क्ष+१)/क्ष, बी: क्ष/(क्ष−१). तिने दोन अपूर्णांकांवर फुलीसारखे दोन बाण काढले, डावीकडे क्षचा वर्ग वजा १ आला, उजवीकडे क्षचा वर्ग. उत्तर बी. उत्तर बरोबर होतं, म्हणून मीही बरोबरची खूण केली आणि पुढे गेलो. ती खूण करायला नको होती.

दोन आठवड्यांनी सराव परीक्षेत तेच दोन अपूर्णांक आले, फक्त अट बदलली: क्ष < १ आणि क्ष शून्य नाही. तिने तेच बाण काढले, तेच उत्तर लिहिलं. बरोबर उत्तर डी होतं. ती म्हणाली, “सर, मागच्या वेळी याच पद्धतीने बरोबर आलं होतं ना?” आलं होतं, कारण क्ष ऋण असताना क्ष आणि क्ष−१ दोन्ही ऋण असतात, त्यांचा गुणाकार धन होतो आणि चिन्ह उलटत नाही. पण क्ष ०.५ घेतला तर छेद होतात ०.५ आणि −०.५. ए येते ३, बी येते −१. म्हणजे ए मोठी. क्ष −२ घेतला तर ए ०.५ आणि बी साधारण ०.६७. म्हणजे बी मोठी. एकदा ए, एकदा बी, म्हणून डी.

चुकीच्या रस्त्याने आलेलं बरोबर उत्तर किती घातक असतं, ते मी त्या दिवशी शिकलो. तेव्हापासून वही तपासताना मी आधी छेद बघतो, उत्तर नंतर. आणि मुलांना एकच सवय लावतो: पेन टेकवलं की पहिल्यांदा प्रत्येक छेदाच्या डोक्यावर बारीक अधिक किंवा वजा लिहायचं. चिन्ह ठरत नसेल तर प्रश्नचिन्ह. एकाही छेदावर प्रश्नचिन्ह असेल तर तिरकस गुणाकार बंद.

मी स्वतः तर असल्या प्रश्नात तो करतच नाही. (क्ष+१)/क्ष म्हणजे १ + १/क्ष. क्ष/(क्ष−१) म्हणजे १ + १/(क्ष−१). दोन्हीकडचा १ काढून टाका, कारण बेरीज-वजाबाकीने लहान-मोठेपणा कधीच बदलत नाही. उरले १/क्ष आणि १/(क्ष−१). आता काय होतंय ते नुसत्या डोळ्यांना दिसतं. तिरकस गुणाकाराने दहा सेकंद वाचतात असं मुलं म्हणतात. वाचत असतील, पण कुठल्या किमतीला?

किंमत घालून बघणं, पण अर्धवट

किंमत घालून बघायला माझी ना नाही. चांगली पद्धत आहे. पण ऋण म्हटलं की सगळे −२ घालतात, मग −३, आणि थांबतात. दोन्ही वेळा तेच उत्तर आलं की खात्री पटते.

क्ष < ०, ए: क्ष, बी: १/क्ष. −२ घातला तर बी मोठी, कारण −०.५ हा −२ च्या उजवीकडे असतो. −३ घातला तरी बीच. आता −१/२ घाला. ए −०.५, बी −२. ए मोठी झाली. −१ घातला तर दोन्ही समान. एकाच प्रश्नात तिन्ही निकाल.

त्यामुळे ऋण क्षसाठी माझ्या किमती ठरलेल्या आहेत: −२, −१, −१/२. याच क्रमाने, दर वेळी. अट शून्याच्या पलीकडे जात असेल तर १/२ आणि २ सुद्धा. −३ ने −२ पेक्षा वेगळं क्वचितच काही सांगितलंय. अपूर्णांक घालायचा कंटाळा येतो, हे मला माहीत आहे. प्रश्न काढणाऱ्यालाही ते माहीत असतं.

बाकीच्या चुका थोडक्यात.

ए: ३/क्ष, बी: ५/क्ष. “क्ष दोन्हीकडे आहे, गेला, ५ मोठा.” क्ष ऋण असेल तर ए मोठी. समान दिसतंय म्हणून खोडायचं नसतं, चिन्ह माहीत असेल तरच खोडायचं.

−क्ष दिसला की तो ऋण समजणं. क्ष ऋण असेल तर −क्ष धन असतो. इथे वाद घालत बसू नका, −४ घालून बघा.

व्यस्त केल्यावर मोठा लहान होतो, हे दोघांचं चिन्ह एकच असेल तेव्हाच. −३ हा −२ पेक्षा लहान, −१/३ हा −१/२ पेक्षा मोठा. एक धन आणि एक ऋण असेल तर क्रम जसाच्या तसा राहतो.

क्ष < य < ० दिल्यावर “म्हणजे क्षचा वर्गही लहान” असं लिहिणं. उलट तो मोठा असतो.

पडद्यावरचा कॅल्क्युलेटर उघडणं. अक्षरं असलेल्या तुलनेत तो फारसा उपयोगाचा नाही, वेळ मात्र खातो.

आणि ऋण दिसलं की घाबरून डी. क्ष < य < ०, ए: क्ष/य, बी: य/क्ष. इथे निम्मी बॅच डी लिहिते. दोन्ही अपूर्णांक धन आहेत. क्ष शून्यापासून जास्त लांब आहे, म्हणून ए १ पेक्षा मोठी आणि बी १ पेक्षा लहान. क्ष, य कुठलेही घ्या, ए मोठी. डी लिहायचा असेल तर दोन वेगळे निकाल देणाऱ्या दोन किमती कच्च्या कागदावर दिसल्या पाहिजेत. त्या नसतील तर मी डी ला बरोबरची खूण देत नाही, उत्तर बरोबर असलं तरी.